मोड आलेली कडधान्यं: घरी कशी करावीत, कच्ची खावीत की शिजवून?

रविवारी मिसळ करायची असेल, तर तयारी शुक्रवारी रात्रीच सुरू होते. मटकी निवडायची, धुवायची, भिजत घालायची. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि रविवारी सकाळी पुरचुंडी सोडायची. सगळं जमून आलं असेल, तर फडक्यातून मोड बाहेर डोकावत असतात. नसेल जमलं, तर झाकण उघडताच आंबूस वास येतो आणि मिसळीचा बेत बारगळतो.

याच मोडांवरून आता घराघरांत एक नवा वाद असतो. मोबाइलवरचा फिटनेसवाला सांगतो, "रोज सकाळी वाटीभर कच्चे स्प्राउट्स खा, शिजवले की सगळं सत्त्व जातं." आजी म्हणते, "कच्चं काय खाता? उसळ करून खा." खरं कोणाचं? मोड आणण्याची नीट पद्धत कोणती? आणि मोड आल्याने कडधान्यात नेमकं काय बदलतं? एकेक करून पाहूया.

मोड येतात म्हणजे काय होतं?

कडधान्याचा प्रत्येक दाणा म्हणजे झोपलेलं रोप. दोन जाड डाळिंब्या हा त्याचा शिधा आणि त्यांच्या मध्ये, एका टोकाला, इवलासा अंकुर. दाणा कोरडा असतो तोवर हे रोप गप्प असतं. पाणी मिळालं की दाणा फुगतो, आतली विकरं जागी होतात आणि साठवलेल्या शिध्याचं विघटन करून अंकुराला पुरवू लागतात. आपण ज्याला मोड म्हणतो, ते खरं तर त्या रोपाचं पहिलं मूळ.

म्हणूनच मोड फक्त अख्ख्या कडधान्याला येतात. मुगाची किंवा मसुराची डाळ कितीही भिजवली तरी मोड येणार नाहीत, कारण दाणा भरडून डाळ करतानाच अंकुराची वाट लागलेली असते.

मोड आल्याने काय वाढतं आणि काय वाढत नाही?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

'क' जीवनसत्त्व वाढतं. कोरड्या कडधान्यात ते नावापुरतं असतं. मोड येताना रोप ते स्वतः तयार करतं. याचा शोध लागण्यामागे पहिल्या महायुद्धाची पार्श्वभूमी आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे ब्रिटिश-हिंदी सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकलं होतं. त्यातला मुख्य भाग होता सहावी पुणे डिव्हिजन आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताज्या भाज्या-फळं नाहीत आणि घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी सैनिकांचा नकार. त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. 'क' जीवनसत्त्वाअभावी होणारा हा आजार. त्यात हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात, अंगातली ताकद जाते.

अशा ठिकाणी ताज्या भाजीला पर्याय काय, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १९१८ मध्ये विल्टशायर या डॉक्टरांनी स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. काहींना लिंबाचा रस, काहींना मोड आलेल्या घेवड्याच्या बिया दिल्या, तर मोडवाल्या गटाचा गुण लिंबवाल्यांपेक्षा कमी नव्हता. पुढच्याच वर्षी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी प्रयोगाने दाखवून दिलं की, कोरड्या दाण्यात जवळपास नसलेला हा स्कर्व्हीरोधक गुण मोड आल्यावर येतो. तोवर 'क' जीवनसत्त्व वेगळं काढताही आलं नव्हतं.

पचायला हलकं होतं. कडधान्य खाल्ल्यावर पोटात वायू धरतो, त्याला रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा बऱ्याच अंशी जबाबदार असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या फस्त करतात आणि वायू तयार होतो. अंकुर वाढताना याच साखरा वापरून टाकतो. काही भिजवणाच्या पाण्यातही उतरतात.

लोह आणि जस्त शरीराला जास्त मिळतं. त्यांचं प्रमाण वाढत नाही. कडधान्यातलं फायटिक आम्ल या खनिजांना धरून ठेवतं, मोड येताना ते कमी होतं आणि खनिजं मोकळी होतात.

प्रथिनं वाढत नाहीत. 'मोड आले की प्रोटीन दुप्पट' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. साधा हिशेब करू. १०० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. लांब, पांढऱ्या, पाणीदार मोडांच्या १०० ग्रॅममध्ये मात्र जेमतेम ३ ग्रॅम, कारण त्यात ९० टक्के पाणी असतं. घरच्या आखूड मोडांचा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. तुम्ही ५० ग्रॅम मूग भिजवले असतील तर त्यात सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं होती आणि मोड आल्यावरही तेवढीच आहेत. वाटी भरलेली दिसते ती पाण्याने.

बी-१२ मिळत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, मोड आले तरी नाही. तुमच्या तपासणीत बी-१२ कमी आलं असेल, तर मोडांवर भरवसा ठेवून डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका.

मोड आणण्याची पद्धत

लागतं फार थोडं: अख्खं कडधान्य, पाणी, स्वच्छ सुती फडकं, रोवळी किंवा चाळणी आणि झाकणाचा डबा.

१. निवडा. खडे, फुटके आणि किडके दाणे काढा. फुटक्या दाण्याला मोड येत नाहीत, तो नुसता कुजतो आणि बाकीच्यांना वास लावतो. कडधान्य शक्यतो या वर्षीचं घ्या. फार जुन्या दाण्याची उगवण कमी होते.

२. धुवा. तीन-चार पाण्यांनी चोळून, पाणी नितळ दिसेपर्यंत.

३. भिजवा. कडधान्याच्या तिप्पट पाणी घ्या, कारण दाणे फुगून वर येतात. ८ ते १२ तास पुरेत. जास्त वेळ भिजवल्याने मोड लवकर येतील हा समज चुकीचा आहे. पाण्याखाली दाण्याला हवा मिळत नाही, अंकुर गुदमरतो आणि पाण्याला फेस येऊन दाणे आंबायला लागतात. उन्हाळ्यात ८ तासांवर जाऊच नका.

४. उपसा. हे पाणी टाकून द्या किंवा कुंड्यांना घाला. दाणे पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने धुवून रोवळीत १०-१५ मिनिटं निथळू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. मोडांना ओल हवी असते, साचलेलं पाणी नको असतं.

५. बांधा. ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्यात दाणे बांधून पुरचुंडी चाळणीत ठेवा, खाली ताटली आणि वर सैल झाकण. फडकं नको असेल तर मोड आणायचे भोकांचे डबे बाजारात मिळतात, तेही चालतात.

६. दिवसातून दोनदा धुवा. बहुतेक जण ही पायरी गाळतात. सकाळ-संध्याकाळ पुरचुंडी सोडून दाणे गार पाण्याने खळबळून, निथळून पुन्हा बांधा. वाढताना दाणे श्वास घेतात, त्यामुळे आत उष्णता साठते. धुतल्याने ती उतरते आणि बुळबुळीतपणाही निघून जातो.

७. थांबा. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला १२ ते ३६ तासांत उसळीजोगे मोड येतात. अर्धा ते एक सेंटिमीटर झाले की पुरे. एक वाटी कडधान्याचे साधारण अडीच ते तीन वाट्या मोड होतात.

कोणत्या कडधान्याला किती वेळ?

मूग: ८ तास भिजवणं, १२ ते २४ तास बांधून ठेवणं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. गोव्यातली मुगागाठी याच मोडांची.

मटकी: ८ ते १० तास भिजवणं, १२ ते २४ तास बांधणं. दाणा लहान असल्याने मोड पटकन येतात. कमी पावसात तग धरणारं हे पीक देशात सर्वाधिक राजस्थानात होतं, पण मिसळीमुळे त्याला खरी ओळख मिळाली ती महाराष्ट्रात.

चवळी आणि मसूर: ८ तास भिजवणं, साधारण २४ तास बांधणं. चवळी लवकर चिकट होते, तिला धुण्यात कंटाळा करू नका.

हुलगे (कोकणात कुळीथ): १२ तास भिजवणं, २४ ते ३६ तास बांधणं. यात खडे जास्त असतात, नीट निवडा.

हरभरे: १२ तास भिजवणं, २४ ते ३६ तास बांधणं. मोड आखूड आणि जाड येतात.

कडवे वाल: १२ तास भिजवणं, २४ ते ३६ तास बांधणं. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून साली काढल्या की डाळिंब्या तयार. सीकेपी घरांतलं बिरडं याच वालाचं. वाल कच्चे खायचे नाहीत.

राजमा: मोड आणून कच्चा खाण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. थोडे दाणेही जोरदार उलट्या-जुलाब करायला पुरतात. भिजवून, पाणी टाकून, तो खळखळून उकळवलाच पाहिजे.

शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं स्वयंपाकघरात आणू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असू शकतं आणि ते धुतल्याने पूर्ण जात नाही. खायच्या कडधान्याच्याच पाकिटातले दाणे वापरा.

हवामानाप्रमाणे काय बदलायचं?

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे काम निम्म्या वेळात होतं, पण नासतंही तितक्याच लवकर. अशा वेळी पुरचुंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि दाणे तीनदा धुवा. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा निथळायला जास्त वेळ द्या.

थंडीत उलट अडचण. भिजवायला कोमट पाणी घ्या आणि पुरचुंडीचा डबा जाड कापडात गुंडाळून ठेवा. परदेशातल्या थंड घरांत राहणारी मंडळी बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून डबा ठेवतात. तेवढी ऊब पुरते.

काय चुकलं, ते कसं ओळखायचं?

काही दाणे भिजतच नाहीत. हे गणंग. त्यांचं कवच पाणी आत शिरू देत नाही. शिजवल्यावरही दगडासारखे राहून दाताखाली येतात. भिजवल्यानंतर दाणे ताटात पसरा, न फुगलेले लहान दाणे लगेच दिसतात. ते काढून टाका.

मुळांवर पांढरी लव दिसते. घाबरू नका. ही बहुतेक वेळा मुळांची केसरं असतात आणि पाण्यात खळबळलं की दिसेनाशी होतात. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यांवर पसरते, धुतल्याने जात नाही, कधी हिरवट-काळपट दिसते. ती असेल तर सगळं टाका, वरचे चार दाणे काढून उपयोग नाही.

चिकटपणा आणि आंबूस वास. पाणी नीट निथळलं नाही किंवा धुणं राहिलं. हे मोड फोडणीत लपवून खाऊ नका.

चायनीजच्या गाडीवर असतात तसे लांब पांढरे मोड येत नाहीत. तेही मुगाचेच. फरक वेळेचा आणि वागणुकीचा. त्यांना चार-सहा दिवस काळोखात, वरून वजन ठेवून, दिवसातून अनेकदा पाणी देत वाढवतात. दाबामुळे रोपात इथिलीन वायू तयार होतो आणि मोड जाड होतात. काळोखामुळे ते पांढरे राहतात.

आता मूळ वाद: कच्चे की शिजवलेले?

मोड यायला काय लागतं? ऊब, ओल आणि दीड-दोन दिवस. हीच यादी साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंना वाढायलाही लागते. ते शेतातून, खतातून, साठवणीतून दाण्यावर येऊ शकतात आणि सालीच्या बारीक भेगांत दडून बसतात, तिथे पाणी पोहोचत नाही. कोरड्या दाण्यावर ते मूठभर असले, तरी मोड येईपर्यंत त्यांची संख्या लाखोंच्या घरात जाऊ शकते. आणि मोड दिसायला, वासाला, चवीला अगदी ताजे असतात.

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत अचानक लोकांना रक्ती जुलाब होऊ लागले आणि अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय आला स्पेनच्या काकड्यांवर, तो चुकीचा ठरला. शेवटी माग लागला कच्च्या सॅलडमधल्या मोडांपर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. एकट्या जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. जिवाणू होता ई. कोलायचा ओ१०४:एच४ हा प्रकार.

त्याच जूनमध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळ एका कार्यक्रमानंतर याच जिवाणूने लोक आजारी पडले. तिथले मोड कारखान्यातून आले नव्हते. आयोजकांनी पाकिटातले दाणे आणून ते स्वतःच थोड्या प्रमाणात उगवले होते. म्हणजे 'घरचं आहे, स्वच्छ आहे' एवढं म्हणून भागत नाही. तुमचे हात, फडकं, पाणी सगळं चकाचक असलं, तरी दोष दाण्यातच असू शकतो.

अमेरिकेच्या अन्न सुरक्षा यंत्रणेचा सल्ला स्पष्ट आहे: गर्भवती, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी कोणत्याही प्रकारचे कच्चे मोड खाऊ नयेत. आपल्याकडे मात्र आजारातून उठलेल्याला 'ताकद येईल' म्हणून नेमकी हीच वाटी पुढे केली जाते.

पण शिजवल्यावर 'क' जीवनसत्त्व जातं ना?

काही प्रमाणात जातं. पण मुळात ते आहे किती? मुगाच्या १०० ग्रॅम मोडांत साधारण १३ मिलिग्रॅम. तेवढ्याच पेरूत २०० च्या आसपास असतं. वेढ्यात अडकलेल्या सैनिकाकडे पेरू नव्हता, आपल्याकडे आहे. वाफाळत्या उसळीवर वाढताना अर्धं लिंबू पिळलं की काम भागतं आणि त्यातल्या आम्लामुळे कडधान्यातलं लोहही चांगलं शोषलं जातं. प्रथिनं तर शिजवल्यावर जास्त चांगली पचतात.

म्हणजे मोडांचा फायदा आहे, ही फिटनेसवाल्याची गोष्ट खरी. ते शिजवून खावेत, ही आजीची गोष्ट त्याहून खरी.

सॅलडच हवं असेल, तर उकळत्या पाण्यात मोड टाका, पुन्हा उकळी आल्यावर चारेक मिनिटं ठेवा, उपसा आणि गार करा. दाणा कुरकुरीत राहतो. वरून नुसतं गरम पाणी ओतणं पुरेसं नाही. मग कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू हवं ते घाला. उसळीला मूग-मटकी झाकण ठेवून १०-१२ मिनिटांत शिजतात. हरभरे आणि हुलग्यांना कुकर लागतोच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्रिजमध्ये किती दिवस टिकतात? पाणी पूर्ण निथळून, बंद डब्यात २ ते ३ दिवस. गारव्याने जिवाणूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. त्यामुळे फ्रिजमधले मोडही शिजवूनच खा. जास्त दिवस ठेवायचे असतील तर वाफवून फ्रीझरमध्ये ठेवा.

भिजवताना मीठ किंवा सोडा घालावा का? नको. मिठाने उगवण मंदावते आणि सोड्याने काही जीवनसत्त्वं नष्ट होतात.

बाजारातले तयार मोड घ्यावेत का? घ्यायला हरकत नाही, पण उघड्यावर, उन्हात ठेवलेले टाळा. घरी आणून धुवा आणि त्याच दिवशी शिजवा.

फडकं कसं ठेवावं? मोडांसाठी वेगळं ठेवा. वापरून झालं की उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. ओट्यावरचं पुसणं यासाठी कधीही वापरू नका.

पुढच्या शुक्रवारी मटकी भिजवाल तेव्हा दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी नीट निथळलं तर मोड चांगले येतील. आणि पुरचुंडी सोडल्यावर कितीही मोह झाला, तरी मूठभर तोंडात टाकण्याआधी कढई चुलीवर चढवा.